उलटी पारदर्शिका

नगरच्या एका कॉलेजचा हॉल. सर भाषण देत होते आणि मी प्रोजेक्टरच्या काचेवर एकेक पारदर्शिका ठेवत होते. एक उलटी पडली. भिंतीवर समीकरणं डोक्यावर उभी राहिली. सर माइकमधून म्हणाले, "चालायचंच. या लोकांना उलटं-सुलटं कळायला अजून दोन पिढ्या लागतील."

हॉल हसला. शेवटच्या रांगेत माझे वडीलही हसले. सगळे हसतात म्हणून. सर काय बोलले ते त्यांना नीट ऐकूच गेलं नव्हतं.

वडील नागापूरच्या कारखान्यात लेथवर. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. "आमच्या पोरीचं भाषन हाय," असं केडगावच्या अख्ख्या गल्लीला सांगून.

भाषण माझंच होतं. फक्त तोंड सरांचं. दोन कण एकमेकांत गुंतलेले असतात, बाहेरचा धक्का लागला की तो गुंता सुटतो. कसा सुटतो, याचं गणित मी मांडलं होतं. उद्याचा क्वांटम संगणक करायचा तर हे लागणार, असं सर सांगत होते. 'आम्ही काढलं' म्हणत होते. पीएच.डी.नंतर मी त्यांच्या हाताखाली पोस्टडॉक. नेमणूक वर्षावर्षाची, आणि पुढचं वर्ष त्यांच्या शब्दावर. म्हणून तोंडाला कुलूप. बौद्धाची पोर इथवर आली हेच पुष्कळ, हे इतक्यांदा ऐकलं होतं की रागही येईनासा झाला होता. नुसता शीण.

चहाच्या वेळी वडिलांनी विचारलं, "कशाला हसले गं समदे?"

सांगितलं. शब्द न् शब्द.

"आन् मी बी हसलो," ते म्हणाले. कप तसाच हातात. मग म्हणाले, "ते गनित कुनाचं हाय?"

"माझं."

"मंग तू कागद का सरकिवती?"

स्वतःचीच चीड आली.

चहा संपला. सरांनी बोटानं खूण केली. मी उरलेल्या पारदर्शिका उचलल्या आणि थेट माइकपाशी गेले. म्हटलं, "पुढचं मी सांगते. हे गणित माझं आहे." आणि शेवटपर्यंत मीच बोलले.

टाळ्या पडल्या नाहीत. जिन्यात सर म्हणाले, "तुम्हा लोकांना उपकाराची जाणच नसते." पुढचं वर्ष मिळालं नाही. कुठंही अर्ज करावा, तर माझ्याआधी सरांचं मत तिथं पोचलेलं.

आता जामखेडला तासिकेवर शिकवते. घरी येऊन तेच गणित पुढं नेते. थकलेय. खोटं कशाला बोलू?

परवा दुसऱ्या एका बड्या प्राध्यापकांचा फोन आला. "काम पाठवून द्या. परिषदेत आम्ही मांडू."

मी म्हटलं, "मांडायला मीच येईन. पारदर्शिका तुम्ही बदला."