ॲडजस्ट गुरुजी

तीन माणसांच्या बाकावर चौथा बसवायचा असला की आमच्याकडे म्हणतात, जरा ॲडजस्ट व्हा. सुलतानपूरच्या एसटीत हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा एकाच माणसाच्या तोंडून. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, बगलेत छत्री. ते बूड टेकवत आणि मग उरलेले तिघे सरकत. स्वतः गुरुजी कोणासाठी सरकल्याचं मी कधी पाहिलं नाही. ॲडजस्ट गुरुजी हे नाव त्यांना गावाने ठेवलं, आणि अशा बाबतीत गाव चुकत नाही.

शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. चांगलं शिकवायचे, हे कबूल करणं माझ्या अगदी जिवावर येतं. त्यांचा एक नियम होता. वर्गात कोणी इंग्रजी शब्द वापरला की त्याने उभं राहून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, तोही आपण घरात बोलतो त्या मराठीत. नाही आला तर तास संपेपर्यंत उभं. "अर्थ येत नसन तर शब्द वापराचा नाही बे," असं ते दरडावून सांगायचे. माझी थोरली बहीण, आमची ताई, त्यांची लाडकी होती. तिच्यावर तसं तासभर उभं राहायची पाळी कधी आली नाही.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी बैठकांचा उद्योग धरला. आमच्या भागात सून माहेरी निघून आली की दोन्हीकडचे जाणते जमतात, सतरंजीवर बसतात, चहा पितात आणि पोरीला परत कधी धाडायची ते ठरवतात. पोरगी आत. तिचा निरोप आत-बाहेर करायला एखादी काकू. अशा ठिकाणी चार इंग्रजी शब्द फेकणारा माणूस असला की बाकीच्यांना डोकं चालवावं लागत नाही. गुरुजींचे शब्द माणूस पाहून ठरलेले असत. पोरीने ‘ॲडजस्ट’ करायचं. पोरीच्या बापाने ‘फ्लेक्झिबल’ राहायचं. सासूसासऱ्यांनी ‘कोऑपरेट’ करायचं, म्हणजे काहीच करायचं नाही. आणि जावई? तो हळूहळू ‘मॅच्युअर’ होणार होता, अढीतल्या आंब्यासारखा, आपोआप. वा रे वा!

ताईला मलकापूरकडे दिली होती. नवरा मारायचा. पहिल्यांदा ती आली तेव्हा तिचा कान सुजलेला होता. बैठक झाली. नवीन घराला ‘ॲडॅप्ट’ व्हायला वेळ लागतो, असं गुरुजींनी सांगितलं आणि आठव्या दिवशी ताई परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला. या वेळी शब्द बदलला, ‘कॉम्प्रमाइज’ निघाला, आणि प्लास्टर सुटायच्या आत तिला पुन्हा गाडीत बसवलं. बैठक उठली की बाबा गुरुजींना फाट्यापर्यंत सोडायला जायचे, वर पिशवीभर घरची तुरीची डाळ द्यायचे. मला त्या डाळीचा अजून राग येतो.

तिसऱ्यांदा ती आली, तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. आता धाडलं तर माझ्या मयतीलाच या, असं तिने आईला सांगितलं. आईने ते बाबांच्या कानावर घातलं. आणि बाबांनी काय केलं? गुरुजींना बोलावलं. चूल पेटवायला काडी शोधावी इतक्या सवयीने बोलावलं.

बैठक भरली. जावई भिंतीला टेकून मोबाइल चाळत बसला होता. गुरुजींनी बशीत चहा ओतला, त्यावर फुंकर मारली आणि आतल्या दाराकडे तोंड करून सुरुवात केली.

"पाह्य बेटा, संसारात बाईमाणसाले थोडंसं ॲडजस्ट करा लागते."

ताई बाहेर आली. बैठकीत पोरगी बाहेर येत नसते. काकू मागून तिचा पदर ओढत होती. ताई गुरुजींसमोर हात बांधून उभी राहिली, वर्गात अर्थ सांगायला राहायची तशी.

"गुरुजी, त्याचा अर्थ सांगा. मराठीत सांगा. मले नेमकं काय करा लागते?"

गुरुजी गडबडले. सांभाळून घ्यायचं, समजून घ्यायचं, असं काहीतरी पुटपुटले.

"तो हाणते तवा काय करू, ते सांगा," ताई म्हणाली. "तुमच्या तोंडून आयकते अन् आत्ता बॅग भरते."

जन्मभर दुसऱ्यांची पोरं उभी करणारा हा माणूस, पण त्याला एक मराठी वाक्य बोलता येईना. मार खात जा. तीन तर शब्द होते. सगळे जाणते सतरंजीच्या पट्ट्या मोजायला लागले. बशीतला चहा निवून त्यावर साय धरली. मग बाबा उठले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच कोणाला न विचारता बोलले. पोरगी येत नाही, एवढंच म्हणाले. बैठक मोडली. गुरुजी चपला शोधून एकटेच फाट्याकडे गेले. त्या दिवशी डाळ कोणी बांधली नाही.

ताईची आता मेहकरला खानावळ आहे. गुरुजी मागच्या वर्षी पुण्याला मुलाकडे गेले, कायमचे म्हणून, साऱ्या गावाला सांगून. आणि एक दिवस दुपारी ते खानावळीच्या दारात उभे. सफारी तोच, पण अंगावर लोंबणारा. बाकावर तीन माणसं जेवत होती. गुरुजी कोणाला काही म्हणाले नाहीत. कडेला, अर्धं बूड हवेत ठेवून बसले आणि वाढलेलं ताट पुढ्यात ओढून जेवू लागले.

मी तिथेच होते. मला राहवेना. "काऊन परत आले, गुरुजी? ॲडजस्ट नाही झालं काय?" असं मी खवचटपणे विचारलं, आणि तो खवचटपणा लपवला नाही.

ते खाली बघत म्हणाले, "नाही वं पोरी. दिवसभर माह्याशी कोणी बोलत नव्हतं. ताट तेवढं खोलीत सरकवून देत."

स्वच्छ मराठी. एकही शब्द उसना नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही.

ताई भाकरीची टोपली घेऊन आली. "किती दिवस राह्यले तिथं?" तिने विचारलं.

"सतरा."

"मी चार वर्सं राह्यली, गुरुजी," ताई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात दुसरी भाकर वाढली.