उजव्या पिळाची टोपी

आम्हा हायडा आदिवासींची कला संपली, असं एका जाड पुस्तकात छापून आलं त्या वर्षी वर्नानं चार टोप्या विणल्या. बातमी आमच्या बेटावरच्या ओल्ड मॅसेट गावापर्यंत पोचलीच नाही, त्याला ती बिचारी काय करणार! उन्हाळ्यात मासळीच्या कारखान्यात सॅमन साफ करायचे आणि हिवाळ्यात स्प्रूस झाडाची मुळं चिरून विणायला बसायचं, हा तिचा शिरस्ता. विणणं शिकवलं नानीनं. आजीला आमच्या हायडा भाषेतही नानीच म्हणतात.

पुढे त्या संपलेल्या कलेचं पुनरुज्जीवन सुरू झालं. साठी उलटलेली वर्ना एकाएकी ‘परंपरेची वाहक’ झाली. गुडघे मात्र पूर्वीइतकेच दुखत होते.

भाची लोरेटाला आमच्या रीतीप्रमाणे गावच्या मेजवानीत घराण्यातलं पूर्वजांचं नाव मिळायचं होतं. तिच्यासाठी वर्ना टोपी विणत होती, तेव्हा डॉक्टर हॅलिवेल आले. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. आमची कला आम्हाला समजावून सांगणारे.

टोपी फिरवून बघत ते म्हणाले, “सुरेख! फक्त पीळ चुकलाय. अस्सल हायडा विणीत तो डावीकडे झुकतो.”

“अगंबाई! पन्नास वर्षं चुकतेच आहे म्हणायची मी. दाखवा बघू तुमची अस्सल वीण.”

डॉक्टरांनी तेच जाड पुस्तक उघडलं. फोटोत एक बाई दारात बसून विणत होती, शेजारी पिठाचं पोतं. खाली छापलेलं: ‘अज्ञात स्त्री’.

वर्नानं पुस्तक जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पोत्यावर काय लिहिलंय ते वाचता का? माझं शिक्षण बेताचं.”

डॉक्टरांनी चष्मा सरसावला, वाचायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अक्षरं आरशातल्यासारखी होती. फोटो उलटा छापला होता, आणि चाळीस वर्षं शहरातले विद्यार्थी डावा पीळ मन लावून घोकत होते.

लोरेटा खो खो हसत सुटली. “मावशी, आता तुलाच डॉक्टर करतील बघ!”

वर्ना हसली नाही. “ही अज्ञात नाही. एमेलाइन. माझी नानी. गावात कुणीही सांगितलं असतं. विचारायचं तेवढं राहून गेलं तुमचं.” तिनं फोटोतल्या हातांवरून बोट फिरवलं. “आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही.”

पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा न दुमडणाऱ्या त्या माणसानं ते पान स्वतःच्या हातानं, अगदी कडेकडेनं फाडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

मेजवानीत लोरेटा ती टोपी घालून नाचली. डॉक्टरांना जागा मिळाली म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत. प्रत्येकीनं त्यांना एमेलाइनची एकेक गोष्ट सांगितली, आणि ते निमूटपणे लिहून घेत राहिले. वही भरली, तेव्हा पलीकडच्या म्हातारीनं कागदी रुमाल पुढे केला. म्हणाली, “लिहा, अजून मी सुरुवातच केलेली नाही.”