शामुवेलकाकांचा देव आणि माझी मावशी

देव आपल्याशी बोलला असं चारचौघांत सांगणारा माणूस दिसला की मला शिसारी येते.

मी ख्रिस्ती आहे. नव्वदी ओलांडली तरी सकाळची प्रार्थना चुकत नाही.
तरीही.

काल आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलं, "नवीन गाडी घे, असं प्रभूने मला सांगितलं." खाली आमेनची रांग.
प्रभूला शोरूममध्ये नोकरी लागली वाटतं.

आज माझ्या मावशीचा स्मृतिदिन. म्हणून नातीला बसवून ही पोस्ट टाइप करून घेतेय.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालायचा. आमचं गाव शेगावपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. ती मिशनची बायबलबाई. गावोगाव पायी फिरायची, बायकांना येशूच्या गोष्टी सांगायची. विधवा होती, मूलबाळ नव्हतं.

आमच्या मंडळीत रविवारी साक्ष द्यायची पद्धत होती. उभं राहायचं आणि प्रभूने काय सांगितलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. साक्षीला कोणी आडवं जायचं नाही.

या पद्धतीवर शामुवेलकाकांचं झकास चाललं होतं. काका मंडळीचे पंच. मिशनच्या विहिरीजवळची सावलीची जागा काकांच्या म्हशींना द्यावी, हे प्रभूने काकांनाच सांगितलं. भजनाला पेटी काकांच्या मुलानेच वाजवावी, हेही.
त्या मुलाला सुराचा गंध नव्हता. प्रभूचा कान इतका वाईट असेल असं मला वाटत नाही.

मी सोळा वर्षांची झाले. नागपूरला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला मला घेतलं होतं. ते कळलं त्याच रविवारी काका उभे राहिले.

"प्रभूनं मले दाखोलं. ह्या पोरीचं लगन माह्या डोणगावच्या पुतण्याशी झालं पायजे."

डोणगाव आमच्या शेजारचंच गाव. पुतण्या बिजवर. दारूचा वास त्याच्या आधी घरात शिरायचा.
सगळी मंडळी म्हणाली, आमेन.

पाळकसाहेबांनी मावशीला तीन दिवस उपास-प्रार्थना करायला सांगितली. मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्हीही साक्ष द्या. प्रभू नाही म्हणाला, एवढंच बोला. मिटून जाईल."
स्वतः काकांना एक शब्द बोलायची छाती नव्हती साहेबांची.

मी मावशीच्या पाया पडले. "मावशे, म्हण ना तसं! एकच तं वाक्य आहे."

"त्यानं सांगितलं नाही, ते त्याच्या नावावर खपवू? मंग शामुवेलात अन् माह्यात फरक काय राह्यला वं?"

मला तिचा भयंकर राग आला. इथे माझा जन्म जाणार होता आणि हिला देवाच्या अब्रूची पडली होती.

रविवारी ती उभी राहिली. उपासाने चेहरा उतरलेला.

"तीन दिस कान लावून बसलो. तो काई बोलला नाही. पण पोरगी नाही म्हणून राह्यली, ते मले साफ आयकू येते. मी तिले नागपूरले धाडतो."

काका ओरडले, "म्हंजे माही साक्ष खोटी?"

"ते तुमी अन् तो पाहून घ्या, भाऊ."

तिचं काम गेलं. मंडळीने तिचं प्रभुभोजनही बंद केलं. दर खेपेला भाकर आणि प्याला तिला टाळून पुढे जायचा.
तो फिरवणारे हात काकांचेच. धुतलेले, स्वच्छ, पवित्र वगैरे.

मला गाडीत बसवायला ती शेगाव स्टेशनवर आली. मी विचारलं, "मावशे, तो बोललाच नाही, मंग काय करावं हे तुले कसं समजलं?"

"मले काय पायजे ते आधी बाजूले काढलं. मंग जे उरलं, ते करून टाकलं."

"तुले काय पायजे होतं?"

तिने माझं बोचकं खिडकीतून आत सरकवलं. मग गाडी हलायच्या बेतात असताना म्हणाली,

"तू डोणगावात राह्यली असती तं अधूनमधून डोळ्याले दिसली असती. नवरा कसा का असंना. मले तं तेच पायजे होतं वं."

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी तापाने गेली. मला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती.

थडग्याशी काकांनी साक्ष दिली म्हणे. ती स्वर्गात पोचल्याचं प्रभूने त्यांना कळवलं होतं.
थू.

जन्मभर नर्स म्हणून काम केलं. माणसं मरताना पाहिली, जन्मताना पाहिली. देवाचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. पण स्वतःला काय हवंय ते बाजूला काढून ठेवणं किती जड जातं, ते मला ठाऊक आहे.

मावशे, तुला मी जवळ हवी होते. तरी जाऊ दिलंस.

तुझ्या पोरीचा तुला सलाम.