पंख्याच्या पायांची पाल

बायकोचं दिवसकार्य नाशिकला उरकून मी सौदीत, ताइफला परतलो, तेव्हा माझी मोठी बहीणही व्हिजिट व्हिसावर सोबत आली. एकटा राहिलो तर मी जेवणार नाही, असं तिचं म्हणणं. जेवलो असतो.

आल्या संध्याकाळीच पाल दिसली म्हणून तिने गॅलरीतला दिवा मालवला. तो मी पालीसाठीच लावला होता. इथल्या डोंगरांच्या कपारींत राहणारी ही पाल. प्रत्येक बोटाच्या टोकाला उघडलेला इवलासा पंखा. आमच्या गॅलरीची दगडी भिंत तिला डोंगरच वाटली असावी. बायको तिथे खुर्ची टाकून बसायची. दिव्यावर पाखरं जमली की पाल यायची आणि बायको हाक मारायची, "अहो, आली बघा." बहुतेक वेळा मी "हं" म्हणून पुस्तकाचं पान उलटायचो. आता ती पाल तिथे राहायला हवी होती. ताईला हे सांगणं मला जमेना.

मी दिवा लावायचा, ताईने मालवायचा, असं आठवडाभर चाललं. पाल चुकचुकली की ताई हातातलं काम टाकून फरशीवर बोटं वाजवी, "कृष्ण कृष्ण" म्हणे. मग तिला उपाय आठवला. अंड्याची टरफलं टांगली की पाली पळतात. आमच्या घरात अंडं येत नाही, म्हणून तिने ती खालच्या मजल्यावरच्या, रत्नागिरीच्या भाभींकडे मागितली.

"भाऊ, तुमच्या ताईंपायी दोन दिवस नुसतं ऑम्लेट चाललंय आमच्याकडे," भाभी जिन्यात म्हणाल्या.

काही बोलावं तर ताई डोळ्यांना पदर लावील, म्हणून मी वर जाऊन फक्त दिवा लावला.

शुक्रवारी टरफलांची माळ घेऊन ती स्टुलावर चढली आणि तिथेच थांबली.

"अरे, इकडे ये."

एसीच्या मागे दगडाला दोन पांढरी अंडी चिकटलेली होती.

"हिचीच?"

"हो. दगडालाच चिकटवतात." हे बायकोने सांगितलेलं. तेव्हाही मी वाचतच होतो.

ताई खाली उतरली. "बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का रे?" ती माझ्यावरच डाफरली, जणू टरफलं मी आणली होती.

आता दिवा तीच लावते. मी वाळलेले कपडे काढायला गेलो तर म्हणते, "दार आपटू नकोस."

काल मी वाचत होतो. गॅलरीतून हाक आली, "अरे, आली बघ."

पुस्तक मिटून मी गेलो. तिथल्या एकुलत्या एक खुर्चीत ताई बसली होती. मला उभंच राहावं लागलं.