पुस्तकात तसं काही नाही

ही गोष्ट आजवर एकाही माणसाच्या कानावर गेलेली नाही. तुळजापूरला देवीपुढं हात जोडून उभा राहतो, तेव्हासुद्धा मी दुसरीच पापं आठवतो — लहानसहान, कबूल करायला परवडणारी. हे एक मागं ठेवतो. देवीला ठाऊक असेलच, असं स्वतःला समजावतो. पण ठाऊक असणं वेगळं आणि सांगणं वेगळं — हे मला कळत नाही का?

तर सांगतो. जरा लांबून सुरुवात करतो. एकदम तिथं पोचायची छाती होत नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी अणदूरला मास्तर म्हणून नवा लागलो होतो. त्या सुमारास बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यात मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानंही गेलेली. आत माणसांचे चेहरे — कोळशानं काढलेले — आणि ते कसे काढायचे याचे धडे. गावात चित्रांचा नाद असलेला दुसरा माणूस एकच होता, भानुदास. माझ्याच वयाचा, घरची शेती. उर्दू शाळेत चार इयत्ता शिकला आणि मग शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजी मला येत होतं, त्याला नव्हतं. म्हणून आमचं असं ठरलं, की मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि दोघांनी काढायचं.

त्याच्या घराच्या ओसरीवर आम्ही रविवारी दुपारी बसायचो. त्या दुपारी आठवल्या की अजूनही अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. पुस्तकात कसल्याशा विलायती झाडाच्या काड्या जाळायला सांगितल्या होत्या. आम्ही तुराट्या घेतल्या — तुरीच्या वाळलेल्या काड्या — डब्यात गच्च भरल्या, झाकण चिखलानं लिंपलं आणि डबा चुलीत सोडला. निघाल्या त्या मऊ, काळ्याभोर, कागदाला नुसत्या टेकल्या तरी उमटणाऱ्या. पुस्तक म्हणायचं, आधी सगळा कागद करडा करा आणि मग अंधारातून उजेड पुसून काढा. पुसायला पाव सांगितला होता. अणदुरात पाव कुठला? आम्ही कणकेची गोळी वापरायचो. पुस्तक म्हणायचं, डोळे अर्धे मिटून बघा. नाक-डोळे दिसेनासे होतील, नुसत्या सावल्या उरतील, त्या काढा. मग आम्ही सगळीकडं तसंच बघत हिंडायचो. गुरं, लिंबाची झाडं, हैदराबादकडून येणारा एखादा ट्रक — सगळं करड्या धुरात तरंगत असायचं. इतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही. हे मुद्दाम सांगतो — दुःखात होता बिचारा, म्हणून तसं वागला, असं तुम्हांला वाटू नये.

मी पान वाचायचो, अर्थ लावताना अडखळायचो, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत भानू म्हणायचा, "कळलं." आणि त्याला खरंच कळलेलं असायचं. मला फक्त शब्द कळायचे.

भानूची थोरली बहीण सरूअक्का. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. नवरा वारला तशी ती माहेरी आली होती, आणि आता तिच्या छातीचं दुखणं इतकं वाढलं होतं की सोलापूरच्या डॉक्टरनं औषध लिहून देणंही थांबवलं होतं. तिचा फोटो कधी निघालेला नव्हता. अक्का आहे तोवर तिचा चेहरा कागदावर उतरवायचा, असं भानूनं मनाशी धरलं. आम्ही दोघंही बसलो, एकाच वेळी, तिच्यासमोर. ती खांबाला टेकून बसायची आणि तोंडाचा पट्टा चालू. "हलू नगं, बोलू नगं! मग जित्ती हाय ते कळंल कसं रं लोकाला?" खोकायची, हसायची, परत खोकायची.

चित्रं पुरी झाली तशी दोन्ही तिच्यापुढं ठेवली. भानूच्या चित्राकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही तर आपली आई हाय रं." भानूनं मान खाली घातली. मग तिनं माझा कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. "आन् हे कोन, गुरुजी? आमचा पाटील? ह्यो लुगडं कवापासनं नेसायला लागला?"

सगळे हसले. मीही हसलो — सगळ्यांत मोठ्यानं.

एवढंच. मरणाच्या दारात बसलेल्या एका बाईनं मायेनं केलेली थट्टा. एवढ्याशा गोष्टीनं माणसाच्या आत काही फिरतं का? माझ्या फिरलं. मला भानूचा राग नव्हता, शपथेवर सांगतो. राग त्या चित्राचा होता. ते तिथं होतं, आणि ते असेपर्यंत माझं चित्र कुणाला तरी लुगडं नेसलेला पाटीलच दिसणार होतं.

मग भानूनं विचारलं, "मास्तर, बोट लागलं की पुसतंय हे. टिकवायचं कसं, त्येचं कायतरी लिवलं असंल की बुकात?"

लिहिलं होतं. आदल्याच आठवड्यात मी एकट्यानं ते पान वाचलं होतं. साय काढलेलं दूध घ्या, पाण्यानं पातळ करा, नळीनं फुंकून चित्रावर बारीक तुषार उडवा. वाळलं की कोळसा कागदाला धरून राहतो. बस, इतकं सोपं.

मी पुस्तक उघडलं. तेच पान काढलं. ओळींखालून बोट फिरवत गेलो, सावकाश, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. त्याचे डोळे माझ्या बोटामागं चालले होते — त्या अक्षरांवरूनच चालले होते. आणि मी म्हणालो, "नाही रे. पुस्तकात तसं काही नाही."

समोर गोठ्यात त्यांची दुभती म्हैस उभी होती.

पुढच्या रविवारी सांगू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण सांगायचं म्हणजे, त्या दिवशी मी वाचताना काय करत होतो तेही सांगायला लागणार. आठवडा गेला की ते आणखी जड व्हायचं. माझ्या चित्रावर मात्र मी घरी दुधाचे तुषार मारले होते.

थंडीच्या दिवसांत अक्का गेली. तेराव्याला तिची तसबीर भिंतीवर असावी, म्हणून भानू सोलापूरला काच लावून आणायला निघाला आणि मला म्हणाला, तू चल. मी गेलो. चित्राला धक्का लागू नये म्हणून त्यानं ते अक्काच्याच जुन्या, मऊ लुगड्यात गुंडाळलं होतं. सर्व्हिस मोटारीत दोघांच्या मांडीवर आडवं धरलं होतं. रस्ता तेव्हा कसला! गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळायची, भानू गुंडाळी आणखी घट्ट धरायचा, आणि मी बघत होतो. तेव्हा बोललो असतो तर? वाटेत कुठंही दूध मिळालं असतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर ज्वारी उभी होती, तिच्यावर धुकं होतं. सगळं कसं शांत, दूरचं, मला न लागणारं.

दुकानात गुंडाळी सोडली. लुगड्याला आतून काळी छटा आली होती. कागदावर अक्का होती, पण फिकी, कुठंतरी पाण्याखाली असल्यासारखी. दुकानदाराला वाटलं कागदावर धूळ बसलीय. त्यानं तो तिरपा धरला आणि जोरात फुंकर मारली.

भानूनं कागद हातात घेतला आणि जिथं कपाळ होतं, तिथं बोट न लावता नुसतं वरून फिरवलं.

परतताना म्हणाला, "माझा हातच हलका पडला, मास्तर. दाबून काढायला पायजे हुतं." तेव्हा मी तोंड उघडलं. काय म्हणालो असेन? म्हणालो, "अरे, कोळसाच तो. त्याचा धर्मच उडून जायचा. तुझा काय दोष?" किती शहाण्यासारखं बोललो! त्याला ते पटलं. पुढं चार दिवस शाळेला रजा घेऊन मी त्याच्यापाशी बसलो. हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

महिन्याभरानं त्यानं विचारलं, "तू पन काढलं हुतंस की अक्काला. पाटलावानी का हुईना, ते तरी दे." मी म्हणालो, तेही उडालं. देऊ कसा शकलो असतो? त्यावर बोट फिरवलं असतं तर बोटाला काही लागलं नसतं, आणि मग त्यानं विचारलं असतं. ते चित्र अजून माझ्या पेटीत आहे. सरूअक्काचं जगात असलेलं एवढंच — आणि ते तिच्यासारखं दिसत नाही.

भानूनं पुन्हा कोळसा हातात धरला नाही.

माझी बदली झाली. मधे बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी खंडोबाच्या जत्रेला अणदूरला गेलो, तेव्हा त्याच्याकडं जेवायला थांबलो. त्याची मुलगी आम्हांला वाढत होती, दहा-अकरा वर्षांची. आत्याचंच नाव ठेवलंय, सरू. वाढता वाढता तिनं विचारलं, "बाबा, मी आत्यावानी दिसती का वो?"

भानूनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "आवाज ध्यानात हाय बघ तिचा," तो म्हणाला. "हात ध्यानात हायती. तोंड मातुर... न्हाय गं. जायला लागलंय."

मला ध्यानात होतं. पोरीची हनुवटी तीच होती, हसण्याआधी ओठ मुडपायची ढबही तीच. ते सांगता आलं असतं. सगळंच सांगता आलं असतं — घरात आम्ही तिघंच होतो, भानू शांत होता, त्याहून बरी वेळ मला कधी मिळणार होती?

मी भाकरी मोडत राहिलो.

"सरे," भानू म्हणाला, "आत्या गेली तवा हे मास्तर नसते तर तुझा बाप उभा ऱ्हायला नसता. चार दिस साळा सोडून बसले हुते माझ्यापाशी. लई उपकार हायती. पाया पड त्येंच्या."

पोरीनं भाकरीची टोपली खाली ठेवली, हात पुसले, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकली.

मी पाय मागं घेतले नाहीत.