हेगेलेबाईंच्या दारावरची पाटी

जर्मनीतल्या एसलिंगेन गावच्या त्या चारमजली इमारतीत सुतळीचा फास लावलेली एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर ‘झाडलोटीचा आठवडा’ एवढंच लिहिलंय. ज्या दाराच्या मुठीला ती लटकते, त्या घरानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि शनिवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दाराला नेऊन अडकवायची. रविवार उजाडूनही ती तुमच्याच दारावर दिसली, तर तुमचं काम झालेलं नाही हे अख्ख्या इमारतीला कळतं. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण जिन्यात नमस्कार करताना मान जरा कमी हलते. श्वाबेन मुलखातल्या माणसाला तेवढी शिक्षा पुष्कळ होते.

वाल्बुर्गा आजीच्या दारावर ती पाटी कधी रविवार बघू शकली नाही. डोंगरावरच्या खेड्यातून ती पोरवयात पायमोज्यांच्या गिरणीत कामाला आली आणि ऑयगेन फ्लायडरर नावाच्या अबोल लेथवाल्याशी लग्न करून या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला लागली. पुढं मुलगा एकहार्ट झाला. त्याचा संसार मोडला तेव्हा त्याची चिमुरडी मरायके आजीकडे आली ती कायमची. मरायकेला आजीनं मसुराच्या आमटीत घरच्या शेवया घालून वाढवलं, आणि जिना पुसायलाही तिनंच शिकवलं. “वरून खाली यायचं, आणि कोपरा आधी,” आजी सांगायची. “मध्यभाग काय, लोकांच्या बुटांनीसुद्धा पुसला जातो.”

आता मरायके तिशी ओलांडलेली, गावातल्या चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करणारी. आणि आजीला सकाळी खाल्लेला पाव दुपारी आठवत नव्हता. मरायकेला ती कधी स्वतःची बहीण समजायची, कधी गिरणीतली मैत्रीण. ऑयगेनला जाऊन वीस वर्षं झाली तरी त्याच्यासाठी ती ताट मांडायची. जिना मात्र विसरली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

रोज सकाळी उठली की हा आपलाच आठवडा आहे असं आजीला वाटायचं. पाटी दारावर नसली तर ती शोधायला निघायची, कुणाच्या तरी दारावरची काढून आपल्या दाराला अडकवायची आणि बादली भरायची. सुरुवातीला लोक खूश झाले. फुकटात जिना लखलखतोय, कोण नाही म्हणेल? मग आजी बादलीतला साबण विसरायला लागली, नंतर फडका पिळायला. एका सकाळी चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ ओल्या पायरीवरून घसरले आणि हात मोडून बसले. त्याबरोबर सगळ्यांचं कौतुक आटलं.

इमारतीची बैठक झाली. कुणी आवाज चढवला नाही, ते त्याहून वाईट होतं. म्युनिकहून एकहार्टचा फोन आला.

“मरायके, वृद्धाश्रमात जागा निघाली आहे. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय. पुन्हा एकदा पाणी सांडलं, की मी आईला घेऊन जाणार.”

“बाबा, तिथं तिला जिना पुसू देतील का?”

“तिथं लिफ्ट आहे,” एकहार्ट म्हणाला. आपण उत्तर दिलं असंच त्याला वाटलं असावं.

मरायकेनं बादली लपवली, तर आजीनं सुपाचं पातेलं काढलं. फडके कुलपात ठेवले, तर तिनं ऑयगेनचा रविवारचा शर्ट भिजवला. दाराला कुलूप घातलं, त्या दिवशी आजी आतल्या बाजूला खुर्ची टाकून रडत बसली. “लोक म्हणतील, फ्लायडररची बाई घाण ठेवते. आयुष्यात कुणी असं म्हटलं नाही गं मला.” मरायकेला ते बघवेना. आजीला घरी ठेवायचं म्हणून तिला घरातच कोंडायचं, तर मग वृद्धाश्रमानं काय वाईट केलंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

मग एक अख्खा आठवडा जिना कोरडा राहिला. आजी रोज दार उघडून समोर बघायची, नाकानं हुं करायची आणि आत येऊन कॉफी प्यायची. त्या आठवड्यात पाटी समोरच्या दारावर होती, हेगेलेबाईंच्या.

“आजी, आज पाटी आणायची नाही?” मरायकेनं मुद्दाम विचारलं.

“हेगेलेचं काम मी का करू?” आजी कडाडली. “करू दे तिला! कंबर मोडेस्तोवर करू दे!”

या दोघींमधून विस्तव जात नव्हता. ऑयगेनला पुरलं त्या आठवड्यात पाटी आजीच्या दारावर होती. काळे कपडे घातलेली माणसं जिना चढत असताना हेगेलेबाईंनी दार किलकिलं करून विचारलं होतं, “जिना आज व्हायचाय की उद्या?” आजीनं पाहुणे गेल्यावर काळ्या कपड्यांतच जिना पुसला. त्यानंतर समोरासमोर दारं असूनही दोघींनी वीस वर्षं एकमेकींशी फक्त धुळीबद्दल संभाषण केलं. आजी नवरा गेल्याचं विसरली होती, पण त्या प्रश्नाचा राग विसरली नव्हती. माणसाच्या डोक्यात काय टिकतं आणि काय गळतं, याचा हिशेब देवाला तरी लागतो की नाही कोण जाणे.

मरायकेनं हेगेलेबाईंचं दार वाजवलं. उंच, काटकुळ्या, केसांना जाळी लावलेल्या हेगेलेबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“पाटी तुमच्याच दारावर राहू द्याल का? पुढच्या आठवड्यातही. आणि त्याच्या पुढच्याही. जिना मी पुसेन, आजी दुपारी झोपली की. तुम्ही फक्त पाटी ठेवा.”

“म्हणजे लोकांनी समजायचं, हेगेले महिना महिना जिना करत नाही?”

“लोकांना मी सांगते ना.”

“पोस्टमनला सांगशील? माझ्या नणंदेला?” हेगेलेबाईंनी दार लावून घेतलं. मरायके खाली मान घालून वळली.

शनिवारी संध्याकाळी पाटी पुढं जायची वेळ झाली. मरायके दाराच्या भिंगातून बघत होती. हेगेलेबाई बाहेर आल्या, पाटी काढली, दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. मग परत आल्या, पाटी आपल्याच मुठीला अडकवली आणि ती सरळ लटकतेय ना ते बघून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तमाशा सुरू झाला. आजी बाहेर यायची, पाटी बघायची, कठड्यावरून बोट फिरवायची.

“अजून नाही झाला जिना?”

“करते आहे,” हेगेलेबाई दारातून म्हणायच्या.

“करते आहे म्हणे! तुमच्या आईनं काही शिकवलं नाही का?”

“राहून गेलं असेल.”

आजी विजयी मुद्रेनं परत यायची आणि भूक लागली म्हणायची. पोस्टमननं पाटीवरून काहीतरी विनोद केला, हेगेलेबाईंनी तो गिळला. एकदा मरायकेनं दुपारी जिना पुसताना पाहिलं, तर कठड्याच्या वळणावर मुद्दाम ठेवल्यासारखी धुळीची चिमूट होती. ती पुसायला हात पुढं केला तर मागून हेगेलेबाईंचा आवाज आला, “ते राहू दे. उद्या सकाळी सापडायला काहीतरी नको का तिला?”

मरायकेनं फडका खाली ठेवला.

“मी त्या दिवशी घाबरले होते,” हेगेलेबाई कठड्याशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. “मेलेल्याच्या घरी काय बोलावं मला सुचत नाही. म्हणून जिन्याचं विचारलं.”

“आजीला सांगितलंत कधी?”

“आता सांगून काय उपयोग? रोज बोलणी खाते आहे ना.”

महिना सरत आला. पाणी सांडलं नव्हतं, तरी जागा हातची जाईल म्हणून एकहार्ट शनिवारी आईला न्यायला गाडी घेऊन यायचा होता. जिना तीन आठवडे कोरडा आहे, आजीला राहू द्या, असं त्याला तोंडावर सांगायचं मरायकेनं ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी आजी बाहेर गेली आणि तिचा आवाजच आला नाही. मरायके धावत दारात आली. आजी समोरच्या पाटीकडे बघत उभी होती. हेगेलेबाई नेहमीच्या बोलण्याची वाट बघत दारात उभ्या होत्या. आजीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे. तिच्या नजरेत ओळखीचा मागमूस नव्हता.

“तुमचं कुणी नाही का हो?” आजीनं हळूच विचारलं.

हेगेलेबाई उंबऱ्याबाहेर आल्या.

“रोज तुमच्याच दारावर पाटी. एकट्या बाईला राबवून घेतात मेले. थांबा.” आजीनं पाटी काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली. “चल, मी येते तुझ्याबरोबर. कोपरे मी बघते. तुला जमत नाहीत.”

चाळीस वर्षांच्या शेजारात त्या दोघींनी एकमेकींना ‘तू’ म्हटलं नव्हतं. हेगेलेबाईंनी तोंडावर हात धरला. “ओळखलं नाही तिनं मला,” त्या मरायकेला म्हणाल्या. “भांडणसुद्धा गेलं गं.” आणि त्या रडायला लागल्या. मरायकेचेही डोळे भरून आले. तिला वाईट वाटलं, कारण आजीचं आणखी एक दार बंद झालं होतं. वैर संपल्याचं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. मग तिच्या ध्यानात आलं, आता पाटी आजीकडे आली, म्हणजे पाणीही येणार. आणि बाबा वाटेत होते.

“बादली कुठे गं?” आजीनं विचारलंच.

हेगेलेबाईंनी डोळे पुसले, आत गेल्या आणि रिकामी बादली घेऊन आल्या. सोबत दोन छोटे कुंचे. “आधी कोरडं झाडायचं,” त्या म्हणाल्या. “पाणी मग.”

“ते खरं,” आजी म्हणाली. “एवढं तरी शिकवलंय तुला कुणी.”

दोघी वरच्या पायरीवर टेकल्या आणि बसत बसत एकेक पायरी उतरायला लागल्या. आजी कोपरे झाडत होती, हेगेलेबाई मधला भाग, आणि रिकामी बादली त्यांच्यामध्ये पायरी-पायरीनं खाली येत होती. एक पायरी झाडून झाली की आजी विसरायची आणि पुन्हा तीच झाडायला घ्यायची. हेगेलेबाई थांबायच्या.

खाली दार वाजलं. एकहार्ट किल्ल्या वाजवत वर आला आणि पाटी गळ्यात घातलेल्या आईसमोर थबकला. जिना पूर्ण अडला होता.

“आई, चल, सामान भरू या. मरायके, मी त्यांना आज येतोय म्हणून सांगितलंय.”

मरायके ठरवलेलं बोलायला दोन पायऱ्या खाली आली. हेगेलेबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कुंचा झटकला आणि एकहार्टच्या बुटांकडे बघितलं.

“आज जमायचं नाही तिला,” त्या म्हणाल्या. “बूट काढा आणि कडेनं वर जा. हा आठवडा आमचा आहे.”

एकहार्ट याच जिन्यावर वाढलेला होता. त्यानं आईच्या गळ्यातल्या पाटीकडे पाहिलं, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.