आईचं त्या दिवशीचं जेवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? आमच्या अहमदपुरात माझं नाव निघालं की लोक अजून त्या दोन महिन्यांचंच कौतुक करतात.

नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ताऱ्यांवरच्या संशोधनासाठी मी दोन महिने जर्मनीला गेले. आमच्या घरातली विमानात बसलेली पहिली मी — याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं काही कारण नाही.

निघताना आईने एकच वचन घेतलं. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आई घास घेत नाही. तिकडे मीही तसंच करायचं. वर तिनेच ठरवून टाकलं — "तुझी पूजा झाल्याचा मेसेज आला, का मंग मी जेवीन."

केली की पूजा — चार दिवस. मग इष्टलिंगाची चांदीची डबी टेबलाच्या खणात गेली, आणि मी रोज अंथरुणातूनच "पूजा झाली" लिहू लागले. हो, रोज! सांस्कृतिक संध्याकाळी मात्र इरकल नेसून, देशोदेशीच्या मुलांसमोर तीच पूजा करून दाखवली. टाळ्या पडल्या. तो फोटो आईने गल्लीभर फिरवला.

आणि मग तो दिवस. एक तारा ठरावीक काळाने मंद होत होता. नेमका किती काळाने, हे मला काढायचं होतं. सकाळी उठले ती थेट कॉम्प्युटरवर बसले, फोन खोलीवरच राहिला. संध्याकाळी आकडा हाती आला — माझा, मी काढलेला! तिथल्या मार्गदर्शक मॅडमनी सगळ्यांना बोलावून माझा आलेख दाखवला. इतकी खूश मी कधीच झाले नव्हते. आईला सांगावं म्हणून खोलीवर येऊन फोन हातात घेतला, आणि — मी खोटं लिहायचंसुद्धा विसरले होते.

गावाकडे रात्र झाली होती. आई सकाळपासून उपाशी. पूजेत व्यत्यय नको म्हणून तिने एकदाही फोन केला नव्हता. मीच लावला.

"लई वेळ बसलीस का गं पूजेला?" एवढंच तिने विचारलं.

मी "हाव" म्हणाले.

आता घरी पाहुणे आले की आई मला शेजारी बसवून सांगते, "त्या दिशी लेकरू दिवसभर पूजेत व्हतं, म्हणून तर गावला तिला तारा!" तो आकडा माझ्याच मेहनतीचा आहे, त्याचा अभिमान तसूभरही कमी नाही. पण ती हे सांगते तेव्हा मी मान डोलावते. कालही डोलावली.